कुलूप नेमकं कोणासाठी?

इंग्रजीत ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन सरळ वेगळे शब्द आहेत. आपण मराठी माणसं दोन्हीला ‘सुरक्षा’ म्हणून मोकळे होतो. कारखान्याच्या गेटवर दंडुका घेऊन उभा असतो तो सुरक्षारक्षक, आणि ४ मार्चला छातीवर बिल्ला लावून सगळे शपथ घेतात तो राष्ट्रीय सुरक्षा दिन. पहिला आहे तो चोर आत येऊ नये आणि माल बाहेर जाऊ नये म्हणून. दुसरा आहे तो कामगाराचा हात मशीनमध्ये जाऊ नये म्हणून. शब्द एकच असल्यामुळे आपली अशी समजूत होते की एकीची व्यवस्था केली की दुसरीची आपोआप झाली. गेटवर चार गार्ड आहेत, कॅमेरे आहेत, बॅग तपासतात, म्हणजे ऑफिस ‘सुरक्षित’ आहे!

मंडळी, तसं नसतं. गेली बरीच वर्षं मी ह्यूस्टनच्या आसपासच्या केमिकल प्लांटमध्ये काम करतोय. जिथे पाइपातून काय वाहतंय हे कळलं तर निम्मे पाहुणे गेटवरूनच परत जातील, अशा जागा. तिथे राहून माझं एक मत पक्कं झालंय, ते आज मांडतो. या दोन सुरक्षा पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध असतात. आणि त्यांचं भांडण कुठे लागतं म्हणाल, तर दारात. चोराला अडवायचं तर दार बंद हवं, माणसाला वाचवायचं तर दार उघडं हवं. तुमची कंपनी या भांडणात कोणाची बाजू घेते, यावरून तिच्या लेखी माणसाची किंमत काय ते कळतं. बाकी पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा, सुरक्षा सप्ताहातली निबंधाची बक्षिसं, हे सगळं नंतर.

मध्यंतरी बाबा इकडे आले होते. आयुष्यभर कारखान्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे मॉल आणि म्युझियमपेक्षा माझं ऑफिस बघण्यात त्यांना जास्त रस. प्लांटच्या आत न्यायला परवानगी नव्हती, पण बाहेरची ऑफिसची इमारत शनिवारी दाखवली. सगळीकडे फिरून झाल्यावर त्यांनी विचारलं, “अरे, मागच्या दारावर वॉचमन नाही?” म्हटलं, नाही. “आणि कुलूप?” म्हटलं, बाबा, बाहेरून येता येत नाही, पण आतून कधीही उघडतं. त्यांनी त्या दाराचा आडवा दांडा दोनदा दाबून बघितला. दार उघडलं, बंद झालं. “चावी कोणाकडे असते याची?” मी म्हटलं, आतून उघडायला चावीच नाही. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं, “आमच्याकडे अर्धा स्टोअर रिकामा झाला असता!”

त्यांचं वाक्य गमतीचं असलं तरी प्रश्न खरा आहे. माल जाईल ही भीती खोटी नाही. पण या देशातला नियम याबाबतीत अगदी सरळ आहे. इथे कामाच्या जागेच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, तिला सगळे ‘ओशा’ म्हणतात. १९७० साली निक्सनच्या सहीने कायदा झाला आणि १९७१ मध्ये ही संस्था कामाला लागली. तिच्या नियमांत बाहेर पडायच्या दाराबद्दल एक वाक्य आहे, त्याचा मतितार्थ असा: कर्मचाऱ्याला ते दार आतून कोणत्याही वेळी, चावी, हत्यार किंवा काही खास माहिती नसताना उघडता आलं पाहिजे. यातला ‘खास माहिती’ हा शब्द मला फार आवडतो. म्हणजे ‘कडी थोडी वर उचलून मग डावीकडे ओढायची, सगळ्यांना माहितीये’ असलं काही चालणार नाही. आज सकाळीच कामाला लागलेल्या, भाषा न येणाऱ्या, अंधारात आणि धुरात घाबरलेल्या माणसाला ते उघडता आलं पाहिजे. बाहेरच्या बाजूने मात्र तुम्ही हवं तेवढं बंद करा, त्याला कुणाची ना नाही.

आता असं वाटेल की अमेरिकन लोक मुळातच शहाणे, म्हणून असे नियम करतात. छे! हे शहाणपण विकत घेतलेलं आहे, आणि फार महाग पडलेलं आहे.

२५ मार्च १९११, शनिवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल नावाचा बायकांचे ब्लाउज शिवणारा कारखाना होता, दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली, इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. सुटायच्या वेळेला आठव्या मजल्यावर कापडाच्या कपट्यांना आग लागली. नवव्या मजल्यावरून खाली जायला दोन जिने होते. एका बाजूला आग पोचली. दुसऱ्या बाजूच्या दाराला कुलूप होतं. का, तर सुटताना सगळ्या मुलींनी एकाच दाराने जावं आणि तिथे पर्स उघडून दाखवावी, कोणी कापड किंवा ब्लाउज चोरत नाही ना हे बघता यावं. फायर ब्रिगेड आली, पण शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. १४६ माणसं गेली, त्यातल्या कित्येकींनी खिडकीतून रस्त्यावर उड्या घेतल्या.

मालकांवर खटला चालला. त्यात एका मालकाला विचारण्यात आलं की तुमचा चोरीला गेलेला माल असा कितीचा होता? प्रश्नोत्तरांत शेवटी त्याने कबूल केलं की पंचवीस डॉलरच्या वर नसेल. पंचवीस डॉलर! आणि मालक सुटले, कारण दार त्या क्षणी बंद होतं हे त्यांना माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही. पुढे दिवाणी दाव्यात प्रत्येक मृतामागे ७५ डॉलर द्यावे लागले, पण विम्याचे त्याहून कितीतरी जास्त मिळाले होते. १९१३ साली त्यातल्याच एका मालकाला नव्या कारखान्यात पुन्हा दाराला कुलूप घातल्याबद्दल दंड झाला. किती, तर २० डॉलर.

ही आग रस्त्यावरून बघणाऱ्या गर्दीत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई होती. तिने नंतर न्यूयॉर्कच्या कारखान्यांची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी काम केलं, त्यातून तीसहून जास्त कायदे झाले. १९३३ मध्ये ती रूझवेल्टची कामगारमंत्री झाली, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. ती इमारत अजून उभी आहे बरं का. आग-प्रतिबंधक म्हणूनच बांधलेली होती आणि त्या अर्थाने ती खरीच ठरली, इमारतीला फारसं काही झालं नाही. जळाली ती आतली माणसं. आता तिथे न्यूयॉर्क विद्यापीठाचे वर्ग भरतात, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्या भिंतीवर त्या १४६ जणांची नावं असलेलं स्मारक झालं.

बाबांनी दाबून बघितलेल्या त्या आडव्या दांड्याची कथाही अशीच. १९०३ च्या ३० डिसेंबरला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली. नवंकोरं थिएटर, जाहिरातीत ‘पूर्णपणे अग्निरोधक’. दारं होती भरपूर, पण काही पडद्यांमागे लपलेली, काहींना कुलूप, आणि काहींना अशा कड्या की लोकांना त्या कशा उघडायच्या हेच कळेना. सहाशेच्या वर माणसं गेली, त्यात सुट्टीतल्या खेळाला आलेली मुलं पुष्कळ. त्या खेळाचं तिकीट काढलेला कार्ल प्रिन्झलर नावाचा एक हार्डवेअर विक्रेता कामामुळे जाऊ शकला नाही, म्हणून वाचला. त्याच्या डोक्यातून ती दारं जाईनात. इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत त्याने हेन्री ड्यूपाँट नावाच्या अभियंत्याला हाताशी धरून अंगाच्या भाराने उघडणारा दांडा तयार केला, आणि १९०८ पासून तो ‘व्हॉन ड्युप्रिन’ या नावाने विकला जाऊ लागला. व्हॉनेगटचा व्हॉन, ड्यूपाँटचा ड्यु, प्रिन्झलरचा प्रिन. (कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट याच घराण्यातला.) आजही इथल्या शाळा-ऑफिसांत हे नाव कोरलेले दांडे दिसतात. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की यात माणसाने विचार करायची गरजच ठेवलेली नाही. मागून गर्दीने ढकललं तरी दार उघडतं. जी गर्दी पूर्वी बंद दाराशी चेंगरून मरायची, तिचाच रेटा दार उघडायला वापरला.

आणि चोरीचं काय? त्याचंही उत्तर आहे. दांडा दाबला की कर्णकर्कश अलार्म वाजतो. चोर पळेल, पण गुपचूप नाही पळणार. जिथे मालाची भीती फारच आहे तिथे परवानगी घेऊन पंधरा सेकंद उशिरा उघडणारं दार बसवतात. दाबून धरायचं, अलार्म वाजतो, पंधरा सेकंदांत दार उघडतं. तेवढ्यात कुणीतरी बघायला येतो. मात्र आगीची घंटा झाली किंवा वीज गेली, की ते पंधरा सेकंदही रद्द, दार तत्काळ मोकळं. विजेच्या कुलपांचे इथे दोन प्रकार मानतात. एक, वीज गेली की उघडं पडणारं आणि दुसरं, वीज गेली की बंदच राहणारं. तिजोरीच्या खोलीला दुसरं लावा, माणसाच्या वाटेवर पहिलंच. या एका निर्णयात सगळं तत्त्वज्ञान आलं.

आता या देशाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल परदेशात गेलेल्यांना तिथलं सगळंच गोड लागतं. ट्रायँगलनंतर ऐंशी वर्षांनी, ३ सप्टेंबर १९९१ ला, नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅम्लेट गावी कोंबडीचे तुकडे तळून पॅक करणाऱ्या कारखान्यात आग लागली. २५ कामगार गेले. दारांना कुलपं होती. कारण? कामगार कोंबडी चोरतील! ओशा होती, कायदा होता, पण त्या कारखान्यात अकरा वर्षांत एकदाही सुरक्षा तपासनीस फिरकला नव्हता. मालकाला जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा झाली, प्रत्यक्षात पाचाच्या आतच सुटला.

त्याहून मला विचारात पाडणारी गोष्ट वेगळी आहे. २००४ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की वॉलमार्टच्या काही दुकानांत रात्रपाळीच्या लोकांना आत ठेवून बाहेरची दारं बंद करतात. एका दुकानात मध्यरात्री एका कामगाराच्या घोट्यावरून यंत्र गेलं, आणि दार उघडायला चावीवाला मॅनेजर येईपर्यंत तो तसाच ताटकळला. आता गंमत बघा, फायर एक्झिट होतं. ते आतून उघडतही होतं. पण आग सोडून दुसऱ्या कशासाठी ते उघडलंत तर नोकरी जाईल अशी ताकीद होती, म्हणून कोणी हात लावला नाही. म्हणजे नियमाप्रमाणे दार उघडं आणि माणसाच्या मनात मात्र कुलूप! डॉलर जनरल नावाच्या स्वस्त दुकानांच्या साखळीला तर फायर एक्झिटसमोर खोकी रचून ठेवल्याबद्दल इतक्यांदा दंड झाले की शेवटी २०२४ च्या जुलैत १ कोटी २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. तेव्हा खोकी रचायची सवय ही काही आपली एकट्याची मिरासदारी नाही.

म्हणूनच मी दाराच्या जोडीला दुसरी गोष्ट मोजतो, ती म्हणजे तोंड. आमच्याकडे कंत्राटदाराच्या मदतनिसालाही ‘थांबा’ म्हणायचा अधिकार आहे. काही धोक्याचं वाटलं तर त्याने काम थांबवायचं, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारायचा नाही. कागदावर तो सगळ्याच कंपन्यांत असतो. तो खरा आहे की नाही हे कळतं ते पहिल्यांदा कोणीतरी खरंच थांबवतो तेव्हा. आमच्यापासून जवळच टेक्सस सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट झाला. १५ जण गेले, १८० जखमी झाले. गेलेले पंधराही जण कंत्राटदारांचे, धोक्याच्या युनिटजवळ उभ्या केलेल्या तात्पुरत्या केबिनमध्ये आणि आसपास असलेले. तिथे किरकोळ दुखापतींचे आकडे चांगले होते. घसरून पडणारे कमी झाले होते, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं. त्या केबिन तिथे का, हा प्रश्न पुरेशा जोरात विचारला गेला नाही.

पण हेही खरं की प्रश्न विचारण्याची सोय केल्याने फरक पडतो. १९७० साली अमेरिकेत दिवसाला सरासरी ३८ माणसं कामावर मरायची, २०२३ मध्ये ती संख्या १५ वर आली. दरम्यान काम करणारे लोक दुपटीच्या आसपास वाढले आहेत. पंधरा हा काही अभिमानाचा आकडा नव्हे, पण अडतीसपासून पंधरापर्यंतचा प्रवास सुरक्षा सप्ताहातल्या शपथांनी झालेला नाही. तपासणी, दंड, खटले आणि तक्रार करणाऱ्याला मिळालेलं कायद्याचं पाठबळ, यांनी झाला.

आता तुम्ही म्हणाल, आणि बंदुकांचं काय? बरोबर. ज्या देशात १९८६ साली ओक्लाहोमातल्या एका पोस्ट ऑफिसात कर्मचाऱ्यानेच आपल्या १४ सहकाऱ्यांना मारलं, जिथे २०१५ साली सॅन बर्नार्डिनोत ऑफिसच्या कार्यक्रमात पुन्हा १४ जण गेले, तिथे दार बंद करावंसं वाटणारच. आमच्या ह्यूस्टन शहरानेच २०१२ मध्ये ‘पळा, लपा, लढा’ अशी एक फिल्म काढली, आता ती देशभर ऑफिसांत दाखवतात. आपण आपल्या टेबलाशी बसून, बंदूकवाला आला तर काय करायचं याचं प्रशिक्षण घेतोय, ही गोष्ट भारतातल्या नातेवाइकांना सांगताना मला अजूनही चमत्कारिक वाटतं. पण त्यातही पहिला शब्द कोणता? पळा. म्हणजे पुन्हा दारच. काही शाळांनी वर्गाच्या दाराला आतून अडसर लावायची साधनं घेतली, तेव्हा अग्निशमनवाल्यांनी हरकत घेतली की उद्या हाच अडसर आगीत मुलांना अडवेल. वाद चालू आहे. पण निदान वाद तरी होतोय. दोन सुरक्षा एकमेकींच्या आड येतात हे मान्य केल्याशिवाय असा वाद होऊच शकत नाही.

आपल्याकडे मला खटकतं ते हेच. आपण वादच घालत नाही, थेट कुलूप घालतो. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे कापडाच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. दुकानाला बाहेरून कुलूप होतं. कुठे न्यूयॉर्कचा १९११ चा कारखाना आणि कुठे उरुळी देवाची, पण मालही तोच, कापड, आणि कारणही तेच. ३१ डिसेंबर २०२३ ला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली, तिथेही आत झोपलेले सहा कामगार गेले. ही माणसं रात्री तिथे का झोपतात? कारण शहरात खोली परवडत नाही, आणि मालकालाही ते सोयीचं पडतं. फुकटात राखणदार मिळतो. म्हणजे ज्याला आपण मालाचा राखणदार केला, त्याच्यासाठीच आपण दार ठेवलं नाही.

मोठ्या, काचेच्या इमारतींतल्या ऑफिसांची गोष्ट वेगळी वाटते, पण फार वेगळी नाही. २६/११ नंतर आपल्या ऑफिसांत बॅगा तपासणारी यंत्रं आली, गाडीखाली आरसा फिरवणारे गार्ड आले. सुट्टीत आलो की मित्रांच्या ऑफिसात जाणं होतं. एका ठिकाणी माझा लॅपटॉपचा नंबर, मोबाइलचा नंबर, फोटो, सही, सगळं घेतलं. आत गेल्यावर मी सवयीने दुसरा जिना शोधला. दारावर ‘फायर एक्झिट’ अशी हिरवी चमकणारी पाटी होती आणि खाली साखळी गुंडाळून कुलूप. मित्राला विचारलं तर म्हणाला, “अरे, पोरं तिकडे सिगरेट ओढायला जायची.” चावी कोणाकडे? “खाली सिक्युरिटीकडे असेल.” खाली म्हणजे अकरा मजले खाली! बाहेरच्या पाहुण्याच्या लॅपटॉपचा नंबर लिहून घेणारी यंत्रणा आतल्या शेकडो माणसांना मात्र सिगरेटपायी कोंडून ठेवते, आणि याला आपण कडक सुरक्षा म्हणतो.

आणि कडक पहारा म्हणजे तरी माणूस सुरक्षित का? २०१७ च्या जानेवारीत हिंजवडीत रविवारी ऑफिसात एकटी काम करणाऱ्या एका तरुण मुलीचा खून झाला, आणि अटक झाली ती इमारतीच्या सुरक्षारक्षकाला. अशा वेळी लगेच आणखी कॅमेरे बसवायची मागणी होते. बसवा जरूर. पण माझा प्रश्न वेगळा आहे. सुट्टीच्या दिवशी माणूस एकटा आत आहे, तर दर तासाला त्याची विचारपूस करायची जबाबदारी कोणाची? आमच्याकडे एकट्याने काम करणाऱ्याने ठरावीक वेळाने कंट्रोल रूमला कळवायचं असतं, आणि त्याने नाही कळवलं तर कंट्रोल रूम माणूस पाठवते. याला लागतो एक फोन आणि एक वही.

वहीवरून आठवलं. आमच्या प्लांटच्या गेटवर जे कार्ड दाखवून आत जायचं, तेच कार्ड सायरन झाला की जमायच्या जागेवरच्या यंत्राला लावायचं. दोन-चार मिनिटांत यादी निघते, आत कोण कोण राहिलंय त्याची. चोर अडवायला केलेली नोंद माणूस शोधायला वापरली. आपल्याकडे तर प्रत्येक गेटवर रजिस्टर असतंच. नाव, कोणाला भेटायचं, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आग लागली की ते रजिस्टर टेबलावरच राहतं आणि गार्ड गर्दी पांगवत बसतो. त्याला एवढंच शिकवा की घंटा झाली की पहिल्यांदा ते रजिस्टर काखोटीला मारून बाहेर जायचं आणि नावं वाचायची. बारा-बारा तास उभं करून, पगार कमी देऊन, ज्याला आपण फक्त सलाम ठोकायला आणि डबे उघडून बघायला ठेवलाय, तोच माणूस त्या दिवशी सगळ्यात उपयोगी पडेल. पण त्याला दुसऱ्या जिन्याची वाट तरी दाखवलेली हवी.

नेहमीचं उत्तर येतं की आपल्याकडे कायदेच नाहीत. हे साफ चूक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्पष्ट आहे की बाहेर पडायचं दार आतल्या बाजूने चावीशिवाय उघडलं पाहिजे, म्हणजे ओशाचंच वाक्य. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. तुमच्या ऑफिसचं शेवटचं कधी दिलं गेलं? बहुतेकांना हा प्रश्न विचारता येतो हेच माहीत नसतं.

दुसरं उत्तर, छोट्या धंद्याला हे परवडत नाही. हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. भाड्याच्या गाळ्यात दहा शिलाई मशीन टाकून बसलेल्या माणसाचं गणित घट्ट असतं आणि चोरी झाली तर त्याला विमा नसतो. पण त्याला लाखोंची यंत्रणा कोण मागतंय? मागच्या दाराच्या कुलपाऐवजी आतून उघडणारी साधी कडी आणि तिला वाजणारी घंटी. शटरला रात्री बाहेरून कुलूप घालायचं असेल, तर आत कोणी झोपायचं नाही. आत कोणी झोपणार असेल, तर आतून उघडणारा दुसरा रस्ता हवाच. यापेक्षा स्वस्त सुरक्षा नाही, आणि यापेक्षा कमी सुरक्षेला सुरक्षा म्हणता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. सोमवारी कामावर गेलात की जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं काढा. रोजच्या वाटेखेरीज दुसरं दार कुठे आहे ते शोधा. त्याच्यासमोर खोकी, जुनी खुर्ची, झाडाची कुंडी आहे का बघा. दार हाताने उघडून बघा, चावी न मागता. उघडलं तर जिना उतरून अगदी खालपर्यंत जा, कारण पुष्कळदा वरचं दार उघडं असतं आणि तळमजल्यावरच्या जाळीला कुलूप असतं. मग विचारा की घंटा झाली तर जमायचं कुठे आणि मोजणार कोण. कुलूप निघालं तर एकट्याने भांडू नका, चार जणांच्या सह्या घेऊन लेखी विचारा, म्हणजे कोणा एकावर डोळा राहणार नाही. आणि तुम्हीच मालक किंवा मॅनेजर असाल तर सोपंच आहे. चोरीला जाऊ शकेल अशा मालाची किंमत एका कागदावर लिहा, शेजारी त्या दाराआड काम करणाऱ्यांची नावं लिहा, आणि मग कुलपाला हात लावा.